तांब्यातलं पाणी आणि सोळा अक्षरं

“डी फॉर डोंबिवली,” मी म्हणालो आणि पलीकडची बाई गप्प झाली.

मग तिनं फार सभ्यपणे विचारलं, “माफ करा, डी फॉर काय?”

शनिवारची सकाळ. टिलबर्गमधल्या आमच्या घरामागं सायकली ठेवायची लाकडी शेड आहे, तिथं मी लेंग्यातच गुडघे टेकून बसलो होतो. एका कानाला फोन, मांडीवर पाच लिटरचा हिरवा कॅन. कॅनच्या लेबलावर सोळा अक्षरांचा एक कोड छापलेला होता, आणि सुट्टीच्या दिवशी उघड्या असणाऱ्या दवाखान्यातल्या बाईंना तो मला वाचून दाखवायचा होता. बास, एवढंच काम. पण माणूस घाबरला की त्याच्या भाषा एकेक करून निघून जातात. माझं डच पहिल्यापासून पाहुण्यासारखं, ते सगळ्यात आधी गेलं. इंग्रजी होतं, पण त्यातली दिल्ली आणि पॅरिस काही केल्या आठवेनात. आठवली ती भूगोलाच्या पुस्तकातली महाराष्ट्रातली गावं. डी फॉर डोंबिवली. के फॉर कराड. यू फॉर उरण. आणि मी ती दर वेळी जास्त जोरात सांगत होतो, आवाज चढवला की त्या बाईंना कराड कळेल अशा हिशेबानं.

“दे तो इकडे,” बायको म्हणाली आणि फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

ती इथल्या एका शाळेच्या पाळणाघरात काम करते. तिचं डच चार-चार वर्षांच्या मुलांकडून आलेलं, म्हणून पक्कं. तिनं इथल्या रिवाजाप्रमाणे एकेका अक्षराला एकेका डच आजोबांचं नाव लावत सगळा कोड सांगितला, पलीकडून परत वाचून घेतला आणि “हो, बरोबर” म्हणाली. आवाज जराही हलला नाही. डोळे मात्र मागच्या दाराकडे लागलेले होते. कारण आत स्वयंपाकघरात तिची आई घसा धरून खुर्चीवर बसली होती.

आता हे मुळापासून सांगायला हवं. सांगताना मी स्वतःला थोडा बरा दाखवीन असा घरात सगळ्यांना संशय आहे, म्हणून हे आधी बायको वाचणार असं ठरलंय.

मी रसायनशास्त्राचा माणूस. डोंबिवलीच्या एमआयडीसीत काही वर्षं काढली, मग इकडे आलो. सध्या एका लहानशा कारखान्यात आहे. तिथं गाड्या धुण्याची, फरश्या पुसण्याची, चाकांच्या रिम चमकवण्याची द्रव्यं तयार होतात. मी ती तयार करत नाही. तयार करणाऱ्यांच्या मागं कागद घेऊन फिरतो.

युरोपात नियम असा आहे की घातक मिश्रण बाजारात आणायचं तर त्यात काय काय आणि किती आहे, ते विषबाधेची माहिती ठेवणाऱ्या केंद्राला आधी कळवायचं. प्रत्येक मिश्रणाचा सोळा अक्षरांचा कोड काढायचा आणि लेबलावर छापायचा. उद्या ते कुणाच्या पोटात गेलं तर डॉक्टर केंद्राला फोन करून कोड सांगतो, आणि बाटलीत नेमकं काय आहे ते तिथल्या माणसाला समोर दिसतं. आपल्यासारख्यांनी त्या केंद्राला फोन करायचा नसतो, तो डॉक्टरनं करायचा. ही सगळी माहिती भरणं, कोड काढणं, लेबलावर तो आलाय की नाही हे बघणं, हे माझं काम. आमची मुलगी रॉटरडॅमला शिकते. तिच्या मैत्रिणींना ती इंग्रजीत सांगते की माझे बाबा साबण पिणाऱ्या लोकांसाठी कोड टाइप करतात.

मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. साबण पिणारी माणसं म्हणजे कुणीतरी दुसरी, असं मी धरून चाललो होतो.

तर, आमच्या रिम साफ करायच्या ॲसिडमध्ये पूर्वी थोडं फ्लोराइड असायचं. इतकं थोडं की लेबलावर त्याचं नाव घालायची सक्ती नव्हती. केंद्राला मात्र कळवावंच लागायचं. यंदाच्या वसंतात मालकांनी ते काढून टाकलं आणि दुसरं, सौम्य ॲसिड घातलं. नाव तेच ठेवलं. रंग तोच, कॅन तोच, लिंबाचा वाससुद्धा तोच, कारण गिऱ्हाईक बिचकायला नको. पण आतला माल बदलला की कोड बदलतो. नाव एक, मिश्रणं दोन, कोड दोन. मी नवा कोड काढला, माहिती पाठवली, नवी लेबलं छापून घेतली आणि ती घेऊन फोरमनकडे गेलो.

फोरमन म्हणजे इथल्या ब्राबांट प्रांतातला अस्सल माणूस, दरवाज्याएवढा. त्याच्याकडे जुन्या लेबलांचा जाडजूड रोल शिल्लक होता.

“हा संपू दे,” तो म्हणाला, “मग तुझी लावतो.”

“नाही चालणार. कोड वेगळाय.”

“कोण वाचतं ते?”

“डॉक्टर वाचतात.”

“अरे, लोक रिम धुतात याच्यानं. पीत नाहीत.”

मी लेबलं चिकटवायच्या मशीनसमोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात पसरून. हे मी वाढवून सांगत नाहीये, कारखान्यात त्याचा फोटो फिरला होता. शेवटी त्यानं खिशातून सुरी काढली, माझ्या डोळ्यात बघत तो रोल उभा चिरला आणि कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकला. “आता झोप लागेल?” म्हणाला. त्या दिवसापासून माझं नाव ‘मिस्टर सोळा’ पडलं. मी घरी येऊन जेवताना ही गोष्ट रंगवून सांगितली. त्यात मी फार शूर होतो.

त्या वसंतातच कधीतरी मी त्या ॲसिडचा एक कॅन घरी आणला होता, मागच्या अंगणातल्या फरश्यांवरचा गंज काढायला. बदलाच्या आधी आणला की नंतर, ते मला सांगता आलं नसतं. सांगायची वेळ येईल असंही वाटलं नव्हतं.

मग उन्हाळ्यात सासूबाई आल्या, सांगलीहून. सत्तरी ओलांडलेल्या, ब्लडप्रेशरची आणि हृदयाची गोळी रोज चालू, बाकी खणखणीत. त्या मला ‘जावईबापू’ म्हणतात आणि ताटात वाढताना माझ्याकडे न बघता वाढतात, कारण बघितलं तर मी नको म्हणेन. येताना त्यांनी लेकीसाठी तांब्याचा तांब्या आणला होता. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं, वर फुलपात्र झाकायचं आणि सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, चहाच्या आधी ते प्यायचं. हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. पिण्याची पद्धतही ठरलेली. भांड्याला ओठ लावायचा नाही. मान मागं टाकायची, तांब्या वर धरायचा आणि धार सरळ घशात.

इथल्या पाण्यात चुन्याचं प्रमाण भरपूर. तांब्या आतून काळपट, बाहेरून डागाळलेला दिसायला लागला. सासूबाई रोज लिंबाची फोड आणि मीठ घेऊन घासत बसायच्या. “सांगलीला चिंच लावली की झालं,” असं म्हणायच्या. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. पण जावयाच्या कानाला ती तक्रारच लागते. त्यात मी रसायनशास्त्राचा.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांना सर्दीनं धरलं होतं. हळदीचं दूध घेऊन त्या लवकर झोपायला गेल्या. बायको शाळेच्या कार्यक्रमाला गेली होती. मला वाटलं, हीच वेळ. मी शेडमधून कॅन आणला, तांब्यात कपभर ॲसिड ओतलं, वर पाणी भरलं. सकाळपर्यंत ठेवलं की आतून लखलखीत. सासूबाई उठायच्या आधी उठायचं, धुऊन पुसून जागेवर ठेवायचं आणि काहीच न झाल्यासारखं पेपर वाचत बसायचं, असा बेत होता. वास येऊ नये म्हणून वर फुलपात्र झाकलं. आणि तांब्या ठेवला कुठे, तर ओट्यावर, त्याच्या नेहमीच्या जागी. दुसरी जागा मला सुचलीच नाही. तांब्या तिथंच असतो.

सकाळी सासूबाई माझ्या आधी उठल्या.

मला जाग आली ती भांडं पडल्याच्या आवाजानं. तांब्या फरशीवर आपटला की तो आवाज बराच वेळ घरात फिरत राहतो. मी जिन्यावरूनच ओळखलं. जिना उतरताना मला एकच गोष्ट आठवत होती, ती म्हणजे त्यांची ती वरून धार सोडून प्यायची पद्धत. ओठ लावून प्यायल्या असत्या तर जिभेला कळलं असतं.

त्या सिंकला धरून उभ्या होत्या. थुंकत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. “तिखट,” म्हणाल्या, “तिखट आहे काहीतरी.”

“आई, किती प्यायलात?”

“एक घोट. मोठा.” मग माझ्याकडे बघून, “काय होतं हो त्यात?”

मी सांगितलं. बायको माझ्या मागं उभी होती, तिनंही ऐकलं. तिनं मला बाजूला सारलं. आईला खुर्चीवर बसवलं, चुळा भरायला लावल्या आणि फोन उचलला. लग्न झाल्यापासून ती मला ‘अहो’ म्हणते. फारच तापली तर ‘तू’. त्या सकाळी ‘कॅन कुठाय तुझा?’ पासून सुरुवात झाली.

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, उलटी करवू नका, तोंड धुवा, थोडं थोडं पाणी द्या आणि लगेच निघा, कॅन बरोबर आणा. आणि तोवर कोड सांगा, म्हणजे डॉक्टर केंद्राला फोन करून ठेवतील. तिथून ते डोंबिवली प्रकरण.

कॅनवर बॅच नंबरही असतो. त्यावरून माल आधीचा की नंतरचा ते लगेच कळलं असतं. पण बॅच नंबर शाईनं मारलेला, आणि मी ओतताना ओघळलेल्या ॲसिडनं तो धुऊन गेला होता. उरली होती फक्त लेबलावरची सोळा अक्षरं. मी स्वतः काढलेली. दोन्हींपैकी कुठली, ते मला पाठ नव्हतं.

गाडी बायकोनं चालवली. मी मागं सासूबाईंजवळ बसलो, सुपरमार्केटची पिशवी उघडून धरून. त्यांना आता बरं वाटत होतं. घसा चरचरतोय, बाकी काही नाही, म्हणाल्या. त्यामुळे मला आणखी भीती वाटायला लागली. साध्या ॲसिडनं घसा पोळतो आणि जे काय व्हायचं ते समोर दिसतं. फ्लोराइडचं तसं नाही. ते पोटातून रक्तात जातं, तिथलं कॅल्शियम पकडून बसतं, आणि मग हृदयाचे ठोके चुकू शकतात. तोवर माणूस गप्पा मारत असतो. हे मी इतकी वर्षं कागदांवर लिहीत आलो होतो. आता ते माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतं आणि विचारत होतं, “इथं शनिवारी सगळं बंदच असतं का हो?”

“आई, बोलू नका. त्यात फ्लोराइड असलं तर...”

“फ्लोराइड, फ्लोराइड करताय, ते तर टूथपेस्टमध्ये असतं ना?”

“असतं,” मी म्हणालो, “पण ते आपण थुंकतो.”

पुढच्या सिग्नलला त्यांना उलटी झाली. पिशवीत निळसर हिरवं पाणी आलं. तो रंग बघून माझ्या डोक्यात आणखी एक गोष्ट लखकन चमकली. रात्रभर ॲसिड तांब्याच्या भांड्यात होतं. म्हणजे तांबंही त्यात उतरलं होतं. माझ्या सोळा अक्षरांत तांबं नव्हतं. मी माझ्या स्वयंपाकघरात एक नवंच मिश्रण तयार केलं होतं आणि कुणालाही न कळवता, कोड न लावता बाजारात आणलं होतं. गिऱ्हाईक एकच, आणि ते माझ्या शेजारी पिशवीवर वाकलेलं होतं.

बायकोनं आरशातून पिशवीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सिग्नल हिरवा झाला.

दवाखाना हॉस्पिटलच्याच इमारतीत होता. आम्ही पोचेपर्यंत डॉक्टरबाईंचं केंद्राशी बोलणं झालं होतं. तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले. त्यांनी सासूबाईंना थेट आत, छातीला तारा लावायच्या पलंगावर झोपवलं आणि मला बाजूला घेतलं.

“तुमचा कोड मिळाला. केंद्र म्हणतंय, यात फ्लोराइड आहे.”

मी हातातला कॅन त्यांच्यापुढं धरला.

“पण,” त्या म्हणाल्या, “त्यांना याच नावाची आणखी एक नोंद दिसते, नंतरची. तिच्यात फ्लोराइड नाही. कधी कधी कारखाने माल बदलतात आणि जुनी लेबलं संपवतात. तसं झालं असेल तर यांच्या पोटात ते गेलेलंच नाही. शिरेतून कॅल्शियम देणं, या वयात, हृदयाची गोळी चालू असताना... उगाच द्यायची गोष्ट नाही ती. रक्त पाठवलंय, वेळ लागेल. तुम्ही त्या कंपनीतले ना? शोधता येईल का? नाही आलं, तर मी कोडवरच जाणार.”

नीट लक्ष द्या, कारण इथं माझी फार वाईट अवस्था झाली. ज्या एका कामासाठी मी मशीनसमोर हात पसरून उभा राहिलो होतो, ते काम मोडलं गेलेलं असावं, अशी मी प्रार्थना करत होतो. फोरमननं माझी पाठ वळल्याबरोबर जुनी लेबलं लावलेली असावीत. रोजच्या रोज लावलेली असावीत. देवा, त्यानं मला फसवलेलं असू दे.

मी कॉरिडॉरमध्ये जाऊन फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. पाठीमागून पोरींचा आरडाओरडा आणि शिट्टीचा आवाज आला. त्याच्या मुलीची हॉकीची मॅच चालू असावी.

“मिस्टर सोळा? शनिवारी?”

“एक सांग. खरं सांग. माल बदलल्यावर तू जुनी लेबलं वापरलीस का?”

पलीकडे तो जरा सरळ झाला असावा. “तपासणी आलीय का कुठली?”

“नाही. कुणी काही म्हणणार नाही तुला. मी शब्द देतो. वापरलीस का?”

“तू स्वतः बघितलंस. चिरला रोल तुझ्यासमोर.”

“दुसरा रोल होता का?”

पलीकडे पुन्हा शिट्टी वाजली. माझ्या छातीत काहीतरी वर वर यायला लागलं, आनंदासारखं.

“होता,” तो म्हणाला. “कपाटात ठेवला होता. तू गेलास की लावणार होतो. खोटं कशाला बोलू.”

“मग? लावलास?”

“नाही ना. पोरीला दिला. तिला स्टिकर आवडतात. तिच्या खोलीचं अख्खं दार भरलंय तुझ्या जुन्या कोडनं. बायको रोज शिव्या घालते मला.”

“सगळा? सगळा रोल?”

“सगळा. अरे, मी शिव्या दिल्या तुला, पण एक लेबल लावलं नाही. बदलानंतर एकही जुनं गेलं नाही, मी स्वतः मोजून घेतलं. पोरांच्या शपथेवर. आता तरी समाधान?”

जुना कोड म्हणजे जुना माल. संपलं.

“काय झालंय?” त्यानं विचारलं. आवाज बदलला होता.

“माझ्या सासूबाई प्यायल्या.”

“रिम क्लीनर?”

“हो.”

तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “जा. आत जा तू.” आणि फोन ठेवला.

मी डॉक्टरबाईंना सांगितलं, कोड बरोबर आहे. फ्लोराइड आहे. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, विचारलं, “खात्री?” ऑडिटवाले हाच प्रश्न विचारतात तेव्हा मी दहा कागद पुढं करतो. त्या वेळी माझ्याकडे एका लहान मुलीच्या खोलीचं दार होतं.

“खात्री,” मी म्हणालो.

शिरेतून कॅल्शियम सुरू करायला पडदा ओढला गेला. बायको बाहेर येऊन माझ्या शेजारी बसली, मधे एक खुर्ची सोडून. मी तिला त्या रोलचं आणि दाराचं सांगितलं. पडद्याच्या फटीतून मॉनिटरची हिरवी रेघ दिसत होती. मी ठोके ऐकत बसलो. एक जरा लांबला असं वाटलं की बायकोची बोटं पर्सच्या बंदावर घट्ट व्हायची. म्हणजे तीही ऐकत होती. आतून सासूबाईंचा आवाज आला. सलाईन लावणाऱ्या नर्सला त्या मराठीत, अगदी सावकाश, ऐकू न येणाऱ्या माणसाशी बोलावं तसं सांगत होत्या, “बाळा, जरा हळू गं.” नर्स डचमध्ये काहीतरी म्हणाली. दोघींना एकमेकींचं कळलं असावं, कारण पुढं काही आवाज आला नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम खाली होतं. फार नाही, पण खाली. आणि हे पोचल्यावर लगेच घेतलेल्या रक्तात. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “वाट बघत बसलो असतो तर अवघड झालं असतं.” मग विचारलं, “एक कळलं नाही. हे तांब्याच्या भांड्यात का ठेवलं होतं?”

तांबं उतरलंय हे मी त्यांना आल्याआल्याच सांगितलं होतं, त्यावर त्यांनी केंद्राला पुन्हा फोनही केला होता. उलटी त्यानंच झाली आणि झाली ते बरंच झालं, असं तिथून कळलं. पण ‘का’ हे राहिलं होतं. मग मी त्या कॉरिडॉरमध्ये उभा राहून रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्याबद्दल, ते वरून पिण्याबद्दल, लिंबू आणि मिठाबद्दल सांगितलं. त्यांनी ते सगळं लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, “म्हणजे घरात पिण्याचं पाणी ज्या भांड्यात असतं, त्याच भांड्यात, त्याच जागी, झाकण घालून तुम्ही ॲसिड ठेवलंत.”

“हो.”

“आणि तुमचं काम काय आहे म्हणालात?”

बायकोनं उत्तर दिलं. मला द्यावं लागलं नाही.

दुपारनंतर आम्हाला आत सोडलं. कॅल्शियम वर यायला लागलं होतं. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या, हाताला नळी, छातीवर तारा, आणि चेहरा लग्नात रुसवा काढल्यासारखा शांत. मी पायाशी उभा राहिलो. माफी कशी मागायची याची दोन-तीन वाक्यं तयार केली होती.

त्याच आधी म्हणाल्या, “मला सर्दी होती ना काल. पाणी भरायचं राहिलंच. सकाळी बघते तर तांब्या भरलेला, झाकलेला. मला वाटलं, जावईबापूंनी आठवणीनं भरून ठेवलं.” त्यांनी चादर सारखी केली. “बरं वाटलं हो मला.”

मी खिडकीकडे गेलो आणि पार्किंगमधल्या गाड्यांची चाकं बघत उभा राहिलो. सगळ्या रिम स्वच्छ होत्या.

त्यांना रात्रभर ठेवून घेतलं आणि रविवारी दुपारी सोडलं. हृदय ठीक, घसा महिनाभर जपा, तिखट नको. “तिखट नको” हे बायकोनं मराठीत सांगितल्यावर त्यांनी डॉक्टरबाईंकडे असं पाहिलं की जणू खरा अपघात आत्ताच झाला.

घरी आल्यावर तांब्या ओट्याखाली सापडला, पडला होता तिथंच. बायकोनं तो अनेकदा धुतला, मग खिडकीत उजेडाला धरला. आतून असा लखलखत होता, जणू आजच बाजारातून आणलाय. सासूबाईंनी खुर्चीतून मान लांब करून पाहिलं.

“चकचकीत मात्र झाला,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. “चिंचेनं असा नाही होत.”

मी हसायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बायको अजून बोलली नव्हती. तिनं तांब्या वरच्या कपाटात ठेवला, माझा हात पोचतो त्याच्याही वर, स्टुलावर चढून. सासूबाईंसाठी मऊ भात लावला. मग गाडीतून हिरवा कॅन आणला, वर्तमानपत्रावर ठेवला आणि चष्मा लावून लेबल वाचायला बसली. सगळं. एकेक ओळ, बोट ठेवून, डचमध्ये, पाळणाघरातल्या मुलांना गोष्ट वाचून दाखवावी तशी.

“ ‘मूळ डब्यातच ठेवा.’ हे वाक्य कुणी घातलं?”

“मी.”

“ ‘खाण्यापिण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा.’ हे?”

“मीच.”

“ ‘लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.’ ”

तिनं चष्मा काढला, पदरानं नाही, आता कोण पदर घेतंय, टी-शर्टच्या टोकानं पुसला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “उद्या कारखान्यात गेलात की त्या फोरमनच्या पोरीसाठी चकल्या घेऊन जा. आणि या ओळीत लहान मुलांच्या पुढं ‘जावई’ घाला.”